बास गरवायला पहिला कास्टिंग रॉड: हेवी घ्यावा का?

तुम्ही लिहिलंय की लो-प्रोफाइल बेटकास्टर रील घेऊन झालं, गिअर रेशो ७.१:१ (हँडलच्या एका फेऱ्याला लाइन गुंडाळणारं स्पूल ७.१ वेळा फिरतं), त्यावर १५ पाउंडी, म्हणजे तेवढा ताण सोसणारी फ्लुरोकार्बन लाइन भरलीय. डब्यात लूर, म्हणजे माशाला भुलवायची खोटी आमिषं आहेत: अर्ध्या औंसाचे जिग, टेक्सास रिगसाठी प्लॅस्टिकचे किडे, एक स्पिनरबेट आणि दोन क्रँकबेट. पुढच्या महिन्यात मित्राच्या बोटीतून टेक्सासमधल्या लेक फोर्कला जायचंय आणि फक्त रॉड राहिलाय. ‘तिथे मासे मोठे असतात म्हणतात, मग हेवी रॉडच घेऊ ना?’

नको. ७ फुटी, मीडियम-हेवी पॉवरचा, फास्ट ॲक्शनचा आणि लेबलवर लूरचं वजन ३/८ ते १ औंस किंवा त्याच्या आसपास छापलेला रॉड घ्या. पॉवर म्हणजे रॉडचा ताठपणा, ॲक्शन म्हणजे तो टोकापासून कुठपर्यंत वाकतो ते. एवढंच लक्षात ठेवून दुकानात गेलात तरी चालेल. पण हेवी का नको हे मला नीट सांगायचंय, कारण मी नेमका तोच घेतला होता आणि इथला माझा पहिला अख्खा वसंत त्यात गेला.

फोर्कबद्दल जे ऐकतो ते खरंच आहे. डॅलसच्या पूर्वेला दीड तासावर, सुमारे २७,००० एकरांचा तलाव. धरण १९८० चं. पाणी भरलं तेव्हा बरीच झाडं तशीच उभी होती, त्यांचे वाळलेले बुंधे अजून पाण्यातून वर आलेले दिसतात. टेक्सासचा विक्रमी लार्जमाउथ बास इथेच लागला, १९९२ साली, १८.१८ पाउंडांचा, म्हणजे जवळजवळ सव्वाआठ किलो. हे वाचलं की हात आपोआप जाड रॉडकडे जातो. पण रॉडचा जाडपणा माशाच्या वजनावरून ठरत नाही. तो ठरतो आपण काय फेकणार आहोत आणि त्याला गळ कोणता आहे, यावरून.

आधी फेकण्याचं बघू. रॉड मागे नेऊन पुढे आणताना लूरच्या वजनाने तो वाकतो आणि सरळ होताना लूरला पुढे ढकलतो. फेकण्याचं खरं काम त्या वाकण्यात आहे. हेवी रॉड पाव औंसाच्या लूरला वाकतच नाही. मग आपण खांद्याची ताकद लावतो. स्पूल हिसका बसून जोरात फिरायला लागतं, हलकं लूर हवेत लगेच मंदावतं, स्पूल मात्र फिरतच राहतं आणि लाइनचा मोठा गुंता होतो. मी दोन महिने त्याचा दोष माझ्या अंगठ्याला देत होते. एका रविवारी ओळखीच्या काकांनी त्यांचा मीडियम-हेवी हातात दिला. रील माझंच, लाइन माझीच, रीलच्या ब्रेकला हातही लावला नाही, आणि दिवसभरात फक्त दोनदा गुंता झाला.

म्हणून रॉडच्या मुठीजवळ छापलेले आकडे आधी वाचा. ‘मीडियम-हेवी’ हा शब्द प्रत्येक कंपनी आपापल्या मापाने वापरते. एकीचा मीडियम-हेवी दुसरीच्या मीडियमइतका असू शकतो. लूरच्या वजनाची मर्यादा त्यापेक्षा जास्त भरवशाची. आणि वजन पूर्ण धरायचं. अर्ध्या औंसाच्या जिगला मागे प्लॅस्टिकचा ट्रेलर लावला की ते पाऊण औंसाकडे जातं. टेक्सास रिगमध्ये ३/८ औंसाचं शिसं असलं तरी गळ आणि किडा धरून फेकलं जाणारं वजन त्याहून बरंच जास्त भरतं. तुमच्या डब्यातलं बहुतेक सगळं अर्धा ते पाऊण औंसात येतंय, म्हणजे ३/८ ते १ च्या बरोबर मध्यावर. रॉड सर्वांत छान चालतो तो तिथेच. लेबलवर लाइनचाही आकडा असतो, १२ ते २० पाउंड असेल तर तुमची १५ पाउंडी त्यात बसते.

आता गळ, म्हणजे आमच्याकडची गरी. जिग आणि टेक्सास रिगला एकच जाड तारेचा गळ असतो. टेक्सास रिगमध्ये तर त्याचं टोक प्लॅस्टिकच्या आतच लपवलेलं असतं, शेवाळात आणि झाडांत अडकू नये म्हणून. ते टोक प्लॅस्टिकमधून बाहेर येऊन माशाच्या टणक जबड्यात शिरायला झटका लवकर आणि नेमका पोचला पाहिजे. फास्ट ॲक्शन म्हणजे रॉड वरच्या साधारण तिसऱ्या हिश्शातच वाकतो, खालचा भाग ताठ राहतो, म्हणून मनगटाची ताकद वाया न जाता पुढे जाते. स्पिनरबेटलाही एकच गळ, त्यामुळे तोही या रॉडवर चांगला चालतो.

क्रँकबेटचं गणित बरोबर उलटं. त्याला पातळ तारेचे तीन-तीन टोकांचे गळ असतात. ते धारेनेच शिरतात, जोराची गरजच नाही. उलट ताठ रॉडने जोर लावला तर माशाच्या ओठाला पडलेलं भोक रुंदावतं आणि मासा बोटीजवळ उसळून डोकं झटकतो तेव्हा गळ सुटतो. माझ्या हेवी रॉडवर त्या वसंतात क्रँकबेटला सात मासे लागले, हातात आले दोन. क्रँकबेटसाठी मॉडरेट ॲक्शन लागते, म्हणजे मध्यापर्यंत वाकणारा मीडियम पॉवरचा रॉड, बरेचदा फायबरग्लासचा किंवा ग्लास-ग्रॅफाइट मिश्रणाचा. तो थोडा उशिरा ताणतो, तेवढ्या वेळात मासा लूर नीट तोंडात घेतो.

एकच रॉड दोन्ही कामं उत्तम करील असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. या सहलीला दोन्ही क्रँकबेट घरीच ठेवलीत तरी काही बिघडत नाही. अगदीच फेकायची असतील तर रीलचा ड्रॅग (लाइन किती ताण आल्यावर सुटेल ते ठरवणारी सोय) थोडा सैल करा आणि मासा लागल्यावर झटका न देता फक्त रील फिरवत राहा.

‘मग मोठा मासा लागल्यावर रॉड मोडणार नाही का?’ ही भीती मलाही होती. मोठ्या माशाशी झुंजतो तो ड्रॅग. १५ पाउंडी लाइनला ड्रॅग चार-पाच पाउंडांवर लावला की त्यापुढे मासा लाइन ओढून नेतो, रॉडवर त्याहून फार ताण येतच नाही. रॉड मोडतात ते गाडीच्या दारात, घरातल्या पंख्यात, नाहीतर मासा बोटीला लागल्यावर रॉड उभा धरून टोकाने उचलल्याने. ही शेवटची सवय पहिल्या दिवसापासून लागू देऊ नका.

ग्रॅफाइटच घ्या. मी लहानपणी दाभोळच्या खाडीत बाबांबरोबर गरवायला जायचे. रॉड वगैरे काही नव्हतं, लाकडाच्या तुकड्याला गुंडाळलेली तंगूस आणि तिच्या टोकाला गरी. बाबा तंगूस तर्जनीवरून सोडायचे आणि तळाशी खडक आहे की चिखल, टोचतंय ते खेकडं की तांबोशी, हे बोटावरूनच सांगायचे. जिग गरवताना हेच लागतं. बास बहुतेक वेळा ओढत नाही, तो जिग तोंडात ओढून घेतो आणि हाताला जाणवते ती एक बारीकशी टिचकी, किंवा एकदम हलकं झालेलं वजन. ग्रॅफाइट ते हातापर्यंत आणतं. मी अजूनही बेटकास्टर तळहातात धरून तर्जनी पुढे लाइनखाली ठेवते. रॉडवरच्या आयएम-६, आयएम-७ अशा ग्रॅफाइटच्या प्रतीच्या आकड्यांवर मात्र जाऊ नका, कंपन्या ते सारख्या अर्थाने वापरत नाहीत.

लांबीचं फार डोक्यात घेऊ नका. बोटीतून ७ फूट सोयीचा. काठावर झाडांखालून फेकायचं असतं तर साडेसहा म्हटलं असतं. मूठ कॉर्कची की ईव्हीए फोमची, ही आवड.

दुकानात रॉड कास्टिंगचाच आहे ना हे मुठीखालच्या बोट अडकवायच्या हुकासारख्या उंचवट्यावरून ओळखा. रील आणि गाइड (लाइन ओवायच्या कड्या) वरच्या बाजूला येतात. तुमचं रील बरोबर न्या, लावून बघा आणि रीलच्या किंचित पुढे एका बोटावर तोला. टोक लगेच खाली झुकलं तर दिवसभरात मनगट दुखणार, दुसरा बघा. न झुकणारा एखादा मिळाला तर वीस डॉलर जास्त द्यावे लागले तरी तोच घ्या. इथे शंभर-सव्वाशे डॉलरांत खूप चांगले रॉड मिळतात आणि पहिल्या रॉडला त्यापुढे जायचं कारण मला दिसत नाही.

जायच्या आधी दोन संध्याकाळी अंगणात गळ नसलेलं अर्ध्या औंसाचं वजन बांधून फेका. स्पूलचा ताण असा लावा की बटण दाबल्यावर वजन सावकाश खाली उतरेल आणि जमिनीला टेकताच स्पूल थांबेल. मग ब्रेक जास्तीत जास्त ठेवून सुरुवात करा आणि हात बसेल तसे कमी करत जा.

लायसन्स काढलंच असेल. मोजपट्टी मात्र विसरू नका. फोर्कवर १६ ते २४ इंचांच्या मधला बास परत पाण्यात सोडावा लागतो आणि मोजून झाला की तो लवकर सोडला तर जगतो.

रॉड पसंत पडला की घेण्याआधी लेबलवरचे आकडे इथे लिहा, मी बघून सांगते.