काठमांडूत एमए करायला जाऊ का?

प्रश्न: ताई नमस्कार, मी खानापूर तालुक्यात कणकुंबीच्या बाजूची, यंदा हिस्ट्री घेऊन बीए झालं. जुन्या वास्तू, संस्कृती आणि पर्यावरण असं सगळं मिळून शिकायचंय, त्यासाठी नेपाळला जाऊन एमए करावं असं मनात आहे. बाबा म्हणतात गप बीएड कर, आणि नातेवाईक म्हणतात फॉरेनलाच जायचं तर जर्मनीला जा की, नेपाळला कोण शिकायला जातं? काय करू?

उत्तर: हे वाक्य मलापण ऐकवलेलं बघ. मी 2015 च्या भूकंपानंतर वर्षभरानं गेले आणि किर्तीपूरला खोली घेऊन दोन वर्षं राहिले, म्हणून जरा सविस्तरच लिहिते.

किर्तीपूरला त्रिभुवन विद्यापीठ आहे, 1959 सालचं, तिथं नेपाळी इतिहास, संस्कृती आणि पुरातत्त्व असा एकत्र विभाग आहे, शिवाय मानववंशशास्त्र आणि पर्यावरण विज्ञान वेगळे. तू जे मिळून शिकायचं म्हणतेस ते काठमांडूच्या खोऱ्यात रस्त्यावरच दिसतं. युनेस्कोनं 1979 ला या खोऱ्याला जागतिक वारसा म्हटलं, त्यात काठमांडू, पाटण, भक्तपूरचे तीन दरबार चौक, पशुपतिनाथ, स्वयंभू, बौद्धनाथ आणि चांगुनारायण. पण नुसती देवळांची यादी पाठ करायला एवढ्या लांब जाऊ नको. मी पहिला महिना तेच केलं, कुठलं देऊळ कुठल्या साली बांधलं ते लिहून घेत हिंडले. मग एक दिवस पाटणला दगडी धाऱ्यावर, म्हणजे दगडी तोटीच्या पाणवठ्यावर, तिथल्या भाषेत हिटीवर, घागर घेऊन रांगेत बसलेल्या एका म्हातारीला मी साल विचारलं, तर ती म्हणाली साल मला काय ठाऊक, पाणी आता दोन तास येतं, आधी दिवसभर यायचं. त्या दिवसापासून माझा विषयच बदलला.

कारण त्या हिटीला पाणी कुठनं येतं बघायला गेलं की सगळंच उलगडत जातं. डोंगराच्या पायथ्यापासून राजकुलो नावाचे कालवे काढलेले, ते पोखरीत म्हणजे तळ्यात, तळ्यातलं पाणी जमिनीत मुरून धाऱ्याला. वर कालवा बुजला, तळ्यावर बिल्डिंग झाली, शेजारी बोअर मारली की खाली मगरीच्या तोंडाची दगडी कोरीव तोटी सुंदरच दिसते पण कोरडी. आणि हे सांभाळायचं कोण, तर गुठी. आपल्याकडं देवस्थान इनाम जमीन असायची ना, तिच्या उत्पन्नावर पूजा-जत्रा चालायची, तसलीच व्यवस्था, पण अजून जिवंत, जत्रा, देवळाची डागडुजी, अंत्यविधी सगळं त्यात येतं. पावसाच्या आधी सिठी नखः नावाचा सण असतो, त्या दिवशी नेवार, म्हणजे या खोऱ्यातले मूळ रहिवासी, विहिरी आणि धारे साफ करतात. 2019 ला सरकारनं गुठीचा नवा कायदा आणायचं ठरवलं तर हजारो लोक रस्त्यावर उतरले आणि विधेयक मागं घ्यावं लागलं.

25 एप्रिल 2015 च्या भूकंपात (7.8 चा होता) काठमांडूतला काष्ठमंडप, म्हणजे जुना लाकडी मंडप, पूर्ण कोसळला, ज्याच्यावरून शहराला नाव पडलं तोच. नंतर खणून बघितलं तर पाया सातव्या शतकातला आणि तो धड होता, पण मुख्य चार खांबांपैकी एकाच्या खाली, खांब ज्यावर बसतो तो दगडच नव्हता, विसाव्या शतकातल्या दुरुस्तीत गेलेला. भक्तपूरचं पाच मजली न्यातपोल देऊळ मात्र 1702 पासून उभं आहे ते तेव्हाही टिकलं.

भाषेचं टेन्शन घेऊ नको. नेपाळी देवनागरीतच आहे. नेवारांची नेपाळ भाषा मात्र पूर्ण वेगळ्या कुळातली आहे, ती शिकावी लागेल, पण तू घरात मराठी आणि बाजारात कन्नड बोलत मोठी झालीस, दोन भाषांत राहायची सवय आहे तुला, हे जर्मनीवाल्या पाहुण्यांना सांग.

बाबांना मात्र खरं सांग, परत आल्यावर नोकरी ठेवलेलीच आहे असं काही नाही. बीएड नंतरही करता येतं. डिग्री आपल्याकडं चालण्याबद्दल यूजीसीचे 2025 चे नियम आहेत, ते अ‍ॅडमिशनच्या आधी वाच आणि इथं पुढं ज्या विद्यापीठात जायचंय तिथनं लेखी विचारून घे, तोंडी नको. व्हिसा लागत नाही, पण आधारवर सोडत नाहीत, पासपोर्ट नाहीतर मतदार कार्ड पाहिजे. आपल्या 100 रुपयाला तिकडचे 160 मिळतात. तिथल्या कागदांवर विक्रम संवत असतो, आपल्यापेक्षा जवळजवळ 57 वर्षं पुढं, तारखा नीट बदलून घे, माझा एक फॉर्म त्याच्यापायी परत आलेला. आणि जाड स्वेटर घेऊन जा, बेळगावची थंडी म्हणजे काहीच नाही.

जायच्या आधी एक काम कर. मलप्रभा तुमच्या कणकुंबीला उगम पावते. माउलीच्या देवळापासून सुरू करून गावातल्या विहिरी, तळी, झरे एका वहीत लिही, साफ कोण करायचं, कधीपासून बंद झालं, आज्जीला विचारून. मग बेळगावला येऊन टिळकवाडीतली काँग्रेस विहीर बघ, 1924 च्या अधिवेशनाला पाण्यासाठी खणलेली. प्रवेशाच्या अर्जात हेच लिहायचं. वही झाली की इकडं पाठव, मी वाचते.