दुखणं थांबलं आणि चप्पल निसटायला लागली

‘डॉक्टर, मणक्यात गॅप पडलाय.’ सांगलीत ओपीडीला बसलं की हे वाक्य रोज कानावर येतं आणि या वेळच्या वाचकांच्या पत्रांतही तेच आहे. कुणाला शेजाऱ्याने सांगितलेलं, कुणाला एक्स-रे काढणाऱ्याने. म्हणून सुरुवात तिथूनच.

प्रश्न : वय ४६. सहा महिने कंबर दुखते, पाय दुखत नाहीत. एमआरआयमध्ये दोन ठिकाणी डिस्क बल्ज (मणक्यांमधल्या चकतीचा फुगवटा) आहे, गॅपही आहे म्हणतात. ऑपरेशन लागेल का? – द्राक्ष बागायतदार, तासगाव

उत्तर : नुसत्या रिपोर्टवरून ऑपरेशन ठरत नसतं. आणि गॅप पडत नाही, होतं ते उलट. दोन मणक्यांमधल्या चकतीतलं पाणी वयाबरोबर आटतं, चकती चेपते आणि मधली जागा कमी होते. केस पिकतात, तसंच हे. ज्यांची कंबर कधीच दुखली नाही अशा पन्नाशीच्या माणसांचा एमआरआय काढला, तरी कितीतरी जणांत बल्ज दिसतो. तुम्ही लिहिताय तेवढंच असेल, तर औषध, व्यायाम आणि ओझं उचलण्याची पद्धत बदलणं एवढ्यावर बहुतेकांचं भागतं. पण सहा महिने झालेत, तेव्हा एकदा तपासून घ्या. फाईल मुलाकडे देऊन पाठवू नका, स्वतः या.

प्रश्न : कमरेचा पट्टा किती दिवस बांधू? – शिक्षिका, कराड

उत्तर : डॉक्टरांनी सांगितलाय तेवढेच दिवस. वर्षभर बांधून ठेवलात तर कमरेचे स्नायू ढिले पडतात.

प्रश्न : जमिनीवर झोपावं की गादीवर? – निवृत्त कर्मचारी, मिरज

उत्तर : ज्यावर झोप लागते आणि सकाळी कंबर धरत नाही, त्यावर.

प्रश्न : दोन महिने कमरेतून डाव्या पायात कळ जायची. ओळखीच्या एकाकडून चोळून घेतलं, चार दिवसांत कळ थांबली. आता फक्त पाऊल जड वाटतं आणि चालताना चप्पल निसटते. नस मोकळी होताना असं होतं म्हणे. किती दिवस लागतील? – ऊस वाहतूकदार, वाळवा तालुका

उत्तर : तुम्ही आजच्या आज मणक्याच्या किंवा मेंदूच्या सर्जनला दाखवा. नस मोकळी होताना ताकद परत येते, जात नाही. तुमची कळ थांबली आहे ती नस बरी झाली म्हणून नव्हे; ती काम सोडत चालल्याची मला भीती वाटते. पाऊल आणि अंगठा वर उचलणारी नस कमरेच्या शेवटच्या मणक्यांपाशी दबली, की पाऊल लोंबतं आणि चप्पल पायात राहत नाही. आत्ता घरात टाचांवर दहा पावलं चालून बघा. डाव्या पायाचा चवडा जमिनीला टेकत असेल, तर गाडी काढायला सांगा.

हे मी इतकं ताणून सांगतो, कारण आपल्याकडे सगळं लक्ष दुखण्याकडे असतं. कळ आली की माणूस गावभर औषध विचारतो. बधिरपणा आला की म्हणतो, चला, सुटलो! खरं तर नुसती कळ असेल तर बहुतेक वेळा थोडी वाट बघता येते; ताकद गेली किंवा लघवी बिघडली तर वाट बघता येत नाही.

लघवीचं मुद्दाम लिहितो, कारण ते कुणी बोलत नाही. मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. त्याखाली नसांचा जुडगा घोड्याच्या शेपटीसारखा लोंबतो. लघवी, शौच आणि लैंगिक संवेदना सांभाळणाऱ्या नसा त्यातच असतात. मोठी चकती त्यावर दाबून बसली, की सायकलच्या सीटला टेकतो तेवढा भाग सुन्न होतो, लघवी तुंबते किंवा नकळत होते, कधी दोन्ही पाय ढिले पडतात. असं झालं की काही तासांत मोठ्या रुग्णालयात पोचायचं. ऑपरेशन ४८ तासांच्या आत आणि त्यातही जितकं लवकर तितकं चांगलं.

एका गळीत हंगामात माझ्याकडे अडतीस वर्षांचा ट्रॅक्टर ड्रायव्हर आला. तीन दिवस लघवी थेंब थेंब होत होती. खडा असेल म्हणून कुणी काढा दिला होता. बसायची जागा बधिर झालीय, हे त्याने लाजून घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. पोट नाभीपर्यंत तटतटलेलं. नळी घातली तर लिटरभरापेक्षा जास्त लघवी निघाली, आणि एवढी तुंबूनही त्याला दुखत नव्हतं. त्याच रात्री ऑपरेशन केलं. आज तो चालतो, ट्रॅक्टरही चालवतो. पण दिवसातून चार वेळा स्वतःच्या हाताने नळी घालून लघवी काढतो. पहिल्या दिवशी आला असता तर हे नक्की टळलं असतं, असं मी म्हणणार नाही. संधी मात्र होती, ती तीन दिवसांत गेली.

प्रश्न : ‘ऑपरेशनशिवाय गादी जागेवर’, २१ दिवसांचं पॅकेज, पैसे आगाऊ. करावं का? – दुकानदार, इस्लामपूर

उत्तर : नाही. गादी म्हणजे तीच मणक्यांमधली चकती, आणि ती सरकत नाही. तिचं बाहेरचं कडं फाटतं आणि आतला मऊ गर बाहेर येतो. तो बाहेरून दाबून कुणी आत घालू शकत नाही. बाहेर आलेला गर पुष्कळदा शरीर आपणहून हळूहळू जिरवतं आणि सहा ते बारा आठवड्यांत बऱ्याच जणांची कळ उतरते. पॅकेजवाले त्याच दिवसांचे पैसे घेतात. त्यातून तुम्हाला न तपासता कुणी मान मोडत असेल, तर तिथून उठा.

प्रश्न : आमचा गडी नारळावरून पडला. दोघांनी काखेत धरून जीपमध्ये बसवून नेलं. पुन्हा असं झालं तर काय करावं? – शेतकरी, वाई

उत्तर : १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत त्याला हलवू नका. बसवू नका, उभं करू नका, पाणी पाजू नका. पाय हलवतोय म्हणजे मणका शाबूत आहे असं धरू नका. मोडलेला मणका उचलताना सरकला, तर पडताना न झालेली इजा उचलताना होते. गाडी येणारच नसेल तर चौघे लागतात. एकाने डोकं दोन्ही हातांत धरून मानेच्या रेषेत ठेवायचं, तिघांनी खांदा, कंबर आणि पाय धरून ओंडका वळवावा तसं एकदम कुशीवर वळवायचं, खाली फळी किंवा दाराची फळकट सरकवायची. मानेच्या दोन्ही बाजूंना टॉवेलच्या गुंडाळ्या. मग न्या.

प्रश्न : आईचं वय ५८. तीन महिने पाठ दुखते, रात्री जास्त. संध्याकाळी कणकण येते, वजन उतरलंय. पाठीत मध्येच उंचवटा आलाय. खोकला नाही. मालिश चालू आहे. – मुलगी, जत

उत्तर : मालिश आज बंद करा. मणक्याचा टीबी असू शकतो. त्याला खोकला असावाच लागतो असं नाही. गाठही असू शकते, म्हणून अंदाजाने गोळ्या सुरू करू नका. एमआरआय आणि मणक्यातला नमुना तपासून निदान करून घ्या. टीबी निघाला तर सरकारी दवाखान्यात औषध मोफत मिळतं. ते किमान वर्षभर चालतं आणि दुखणं थांबलं तरी मध्येच सोडायचं नसतं. पाय जड झाले, चालताना अडखळायला लागल्या किंवा लघवीला त्रास झाला, तर ठरलेल्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी मिरजेला मोठ्या रुग्णालयात घेऊन या.