आजोबांचं इंजिन आणि तुमचा पीएफ

दारव्ह्याहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय 31, सॉल्व्हंट प्लांटमध्ये बॉयलर अटेंडंट, पगार 19,500. हरियाणात रेवाडीला रेल्वेने जपून ठेवलेल्या वाफेच्या इंजिनांच्या शेडमध्ये कंत्राटदारामार्फत फिटरचं काम चालून आलंय, 24,000 वर. आजोबा मूर्तिजापूरला शकुंतलेवर, म्हणजे यवतमाळ-मूर्तिजापूर छोट्या गाडीवर, फायरमन (इंजिनाची भट्टी भरणारे) होते, त्यामुळे मन तिकडे ओढतंय. पीएफमधले 1 लाख 20 हजार काढून त्यातले 60 हजार कंत्राटदाराला ‘डिपॉझिट’ द्यावेत का, असा प्रश्न आहे.

भाऊ, डिपॉझिट एक रुपयाही देऊ नका. रेल्वेची कायम भरती रेल्वे भरती मंडळाकडून परीक्षेने होते. हे काम रेल्वेचं नव्हे, कंत्राटदाराचं आहे, तेही 11 महिन्यांचं. पत्रासोबत पाठवलेला कागद मी दोनदा वाचला. ‘एकत्रित वेतन 24,000’ एवढंच लिहिलंय. पीएफ कोणत्या कोड नंबरवर भरणार, याचा पत्ता नाही.

शकुंतलेबद्दलची तुमची ओढ मला कळते. दारव्हा मोतीबाग स्टेशनला ते इंजिन पाणी भरायला थांबलं की माझी आई दोरीवरचे कपडे काढायला धावायची. नाहीतर पांढऱ्या धोतरावर काळे ठिपके पडायचे. मँचेस्टरला 1921 मध्ये बनलेलं ते इंजिन 1994 पर्यंत चाललं. पण आजोबांची गाडी अडीच फुटी रुळांची होती. रेवाडीला ब्रॉडगेजची धूडं आहेत, त्यांची भट्टी भरणं हे वेगळंच काम.

आता हिशेब. आज पीएफ, ईएसआयसी (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) आणि व्यवसाय कर कापून तुमच्या हातात साडेसतरा हजार येतात. तिकडे पीएफचे 1,800 गेले की 22,200 उरतील. खोली आणि मेस मिळून 9,500. वर्षातून चारदा घरी यायचं म्हटलं तर महिन्याला दीड हजार धरा. आणि जी गोष्ट तुमच्या पत्रात कुठेच नाही ती ही: ईएसआयसीची पगारमर्यादा 21,000 आहे. चोवीस हजारांवर नव्याने रुजू झालात की ते कार्ड बंद. तुमच्या आईचं शुगरचं औषध आज त्याच कार्डावर येतं. घरच्यांचा आरोग्य विमा काढायचा तर महिन्याला दोन हजारांच्या वर जातील. घरातलं तुमचं जेवण वाचतं ते दीड हजार जमेस धरूनही महिन्याला सात हजारांचा खड्डा पडतो. अकरा महिन्यांत पाऊण लाख. म्हणजे पगार साडेचार हजारांनी वाढतो आणि घर तोट्यात जातं.

तरी ‘जाऊ नका’ असं मी म्हणत नाही. वाफेच्या इंजिनाचे ट्यूब बदलणं, बॉयलर धुणं, इंजेक्टर उघडून बसवणं हे हाताने शिकवणारी माणसं आता मोजकीच राहिलीत. पाऊण लाख ही शिकण्याची फी समजून, ती परवडते का ते वहिनींसोबत बसून ठरवा. ती फी पीएफमधून मात्र भरू नका. पाच वर्षांच्या आत काढलेल्या पीएफवर कर लागतो; यूएएन (नोकरी बदलली तरी कायम राहणारा पीएफ क्रमांक) तोच ठेवून खातं पुढे नेलं तर आधीची वर्षं धरली जातात.

तुमची पाच वर्षं पूर्ण व्हायला सात महिने बाकी आहेत. मूळ पगार 14,000, म्हणजे त्या दिवशी, पाच वर्षं भरल्यावर मिळणारी ग्रॅच्युइटी 40,385 रुपये. आज राजीनामा दिलात तर शून्य. फीची निम्म्याहून जास्त रक्कम इथेच उभी राहते.

कंत्राटदाराला फोन करून तीन गोष्टी लेखी मागा: पीएफचा कोड, अपघात विमा आणि रुजू व्हायला सात महिन्यांची मुदत. डिपॉझिटचा विषय त्याने पुन्हा काढला, तर फोन तिथेच ठेवा.