'अत्यंत' खोडल्यावर काय उरतं?

प्रश्न : माझ्या निबंधावर बाईंनी 'मोघम' असा शेरा दिला. 'अत्यंत', 'एक प्रकारे', 'असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही' यांभोवती लाल गोल केले. हे शब्द काढले तर वाक्य उद्धट वाटतं आणि शब्दमर्यादाही भरत नाही. काय करू? निबंध सोबत पाठवते आहे.

उत्तर : तुझं पहिलंच वाक्य घेऊ. 'वाचन ही एक प्रकारे अत्यंत महत्त्वाची अशी सवय आहे, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही.' गोलातलं सगळं काढलं की उरतं, 'वाचन ही महत्त्वाची सवय आहे.' यात उद्धट काही नाही, पण ते पोकळ आहे. महत्त्वाची का, हे तू सांगितलेलंच नाहीस आणि ती पोकळी इतका वेळ 'अत्यंत'मागे झाकलेली होती. तिथे आता कारण हवं. ते तुझ्याकडे आहे! तिसऱ्या पानावर तू लिहिलंस, की आजी गेली त्या महिन्यात तू रोज रात्री तिने पेन्सिलीने खुणा केलेलं पुस्तक वाचायचीस. तो परिच्छेद मी दोनदा वाचला. त्यात एकही 'अत्यंत' नाही. शब्दमर्यादा भरायची तर अशा मजकुराने भर. कोणत्या ओळींना खुणा होत्या, तेही सांग.

मात्र सरसकट खोडत सुटू नकोस. 'बहुतेक सस्तन प्राणी पिल्लांना जन्म देतात' यातला 'बहुतेक' काढलास तर वाक्य खोटं होईल, कारण प्लॅटिपस आणि एकिडना सस्तन असूनही अंडी घालतात. पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळतं, पण समुद्रसपाटीला. उंचावर हवेचा दाब कमी असल्याने ते त्याआधीच उकळतं. हे शब्द माहिती देतात, ते राहू देत. 'कदाचित'ही लिही, पण खरोखर शंका असेल तिथेच, आणि शंका कसली तेही लिही. 'सर्वात उच्चतम' मात्र नको. 'तम'मध्ये 'सर्वात' आलंच.

मी स्वतः लेख पाठवण्याआधी संशय येईल त्या शब्दाला कंस घालते आणि तो वगळून वाक्य मोठ्याने वाचते. अर्थ तसाच राहिला तर शब्द जातो.

हा निबंध पुन्हा लिहिणार असशील तर आजीच्या पुस्तकापासून सुरू कर.