गिटारला स्लिंकी (पायऱ्या उतरणारे स्प्रिंगचे खेळणे) जोडली तर नुसता ‘प्यूं’ असा आवाज येतो. खेळण्यांच्या भागांपासून खरा स्प्रिंग रिव्हर्ब, म्हणजे स्प्रिंगमधून मिळणारा घुमारा, घरी करता येईल का?

करता येतो, आणि विजेशिवायही करता येतो. मात्र त्यासाठी स्लिंकी बाजूला ठेवावी लागेल. तुम्ही लिहिले आहे की, ॲकूस्टिक गिटारच्या घोडीजवळ तुम्ही स्लिंकीचे एक टोक अडकवले, दुसरे टोक पत्र्याच्या डब्याच्या बुडाला बांधले, आणि तारा छेडल्यावर मोठ्या दालनासारखा घुमारा येण्याऐवजी प्रत्येक सुराच्या आरंभी ‘प्यूं’ असा उतरत जाणारा आवाज ऐकू आला. तुमच्या जोडणीत काहीही चुकलेले नाही. ती स्प्रिंगच या कामाची नाही, आणि त्याचे कारण एकदा ध्यानात आले की पुढची निवड सोपी होते.

स्प्रिंगमधून आवाज दोन वाटांनी जातो. पहिल्या वाटेत सगळी वेटोळी मिळून हलतात, म्हणजे स्प्रिंग ही स्प्रिंग म्हणून काम करते. ठोका एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जातो, तिथून परततो, पुन्हा जातो, आणि या येरझाऱ्यांतूनच आपल्याला घुमारा ऐकू येतो. दुसऱ्या वाटेत वेटोळ्यांचा काही संबंध उरत नाही; स्प्रिंग उलगडून सरळ लांब तार केली असती तर ती जशी वाकत थरथरली असती, तशी ती तार आतल्या आत थरथरते. अशा वाकण्याच्या लहरींत उंच स्वर खालच्या स्वरांपेक्षा वेगाने धावतात. त्यामुळे एका क्षणी दिलेल्या ठोक्यातले तीव्र स्वर आधी पोचतात, खर्ज मागाहून येतो, आणि कानाला तो उतरता ‘प्यूं’ ऐकू येतो. कोणती वाट कुठे संपते हे स्प्रिंगच्या आकारावर ठरते: पहिल्या वाटेला वारंवारितेची एक वरची मर्यादा असते, आणि ही मर्यादा तारेच्या जाडीच्या सम प्रमाणात, पण वेटोळ्याच्या व्यासाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. कारखान्यात तयार होणाऱ्या रिव्हर्ब टाक्यांतल्या (घुमारा देणाऱ्या स्प्रिंगांच्या पेट्यांतल्या) बारीक स्प्रिंगांची ही मर्यादा साधारणपणे 4 ते 5 किलोहर्ट्झ असते. स्लिंकीचे वेटोळे सहा-सात सेंटिमीटर रुंद असल्यामुळे तिची मर्यादा शंभर हर्ट्झच्या आसपास किंवा त्याहूनही खाली घसरते. गिटारची सर्वांत जाड तार नेहमीच्या जुळणीत सुमारे 82 हर्ट्झला वाजते, म्हणजे गिटारचा जवळजवळ सगळा आवाज स्लिंकीत दुसऱ्याच वाटेने जातो. रिचर्ड जेम्स या अभियंत्याला जहाजावरच्या उपकरणांसाठी स्प्रिंगांवर काम करताना 1943 मध्ये स्लिंकीची कल्पना सुचली आणि 1945 मध्ये ती खेळणे म्हणून विक्रीला आली. तिने पायऱ्या उतराव्यात हीच अपेक्षा होती, आणि तिथे ती उत्तम आहे.

तुम्हाला हवी ती स्प्रिंग दुसऱ्या एका खेळण्यात असते. लहान मुलांचा प्लास्टिकचा ‘इको माइक’ तुम्ही पाहिला असेल. त्यात बॅटरी नसते, तरी त्यात बोलले की आवाज घुमतो. तो उघडलात तर आत वाटीसारख्या आकाराचे पातळ प्लास्टिकचे पडदे दिसतील, आणि त्यांच्या मध्यबिंदूंना अडकवलेली, पेन्सिलीहूनही बारीक, शेकडो वेटोळ्यांची सैल स्प्रिंग दिसेल. बोलण्याने पडदा हलतो, पडदा स्प्रिंग हलवतो, स्प्रिंगमधून परतलेला ठोका पुन्हा पडदा हलवतो. काही माइक स्क्रूने बंद केलेले असतात, काही चिकटवलेले असतात. चिकटवलेल्या माइकच्या सांध्यावर पातळ पाते हळूहळू फिरवावे, घाईने पिळू नये, कारण पडद्याच्या मध्यावरचे इवलेसे बोंड तुटले तर स्प्रिंग पुन्हा अडकवायला जागा राहत नाही. स्प्रिंग आणि पडदा शक्यतो एकत्रच काढावेत. तो सांधा आधीच नीट जमलेला असतो, आणि घरी गोंदाने केलेला सांधा सहसा त्याहून जड होतो.

अनेकांना वाटते की स्प्रिंग जास्त ताणली की प्रतिध्वनी लांबेल. तसे होत नाही. ताण वाढवला की लांबी वाढते हे खरे, पण त्याच प्रमाणात लहरीचा वेगही वाढतो, आणि एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायला लागणारा वेळ जवळपास तेवढाच राहतो. हा वेळ वेटोळ्यांच्या संख्येवर, वेटोळ्याच्या व्यासाच्या वर्गावर आणि तारेच्या बारीकपणावर ठरतो. उदाहरणादाखल, 0.4 मिलिमीटर जाडीची पोलादी तार, 5 मिलिमीटर व्यास आणि 300 वेटोळी असा हिशेब केला, तर एका दिशेचा प्रवास सुमारे 26 मिलिसेकंदांत होतो. व्यास दुप्पट केला तर वेळ चौपट होईल, पण वर सांगितलेली मर्यादाही चौपटीने खाली येईल आणि आवाज कांबळ्याखालून आल्यासारखा दबेल. म्हणून वेळ वाढवायचा असेल तर रुंद नव्हे, अधिक वेटोळ्यांची स्प्रिंग शोधावी. ताण फक्त इतकाच ठेवावा की शेजारची वेटोळी एकमेकांना टेकून खुळखुळू नयेत आणि मधला भाग लोंबू नये. त्यापलीकडे ओढली तर तार कायमची पसरते.

एकच स्प्रिंग लावली तर ठरावीक अंतराने परतणारा ठोका स्वतंत्रपणे मोजता येतो आणि कान लगेच कंटाळतो. वेगवेगळ्या वेळेच्या दोन स्प्रिंगा लावल्या की परतणारे ठोके एकमेकांत मिसळतात. जुन्या गिटार ॲम्प्लिफायरांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या दोन स्प्रिंगांच्या लांब टाकीत हे वेळ सुमारे 33 आणि 41 मिलिसेकंद असे मुद्दाम बेमेळ ठेवलेले असतात. दोन इको माइक एकाच बनावटीचे असतील, तर एका स्प्रिंगची काही वेटोळी कापून टाकावीत. कापताना डोळ्यांवर चष्मा असावा. सुटलेले टोक कुठे उडेल याचा नेम नसतो.

आता विजेशिवायची जोडणी. गिटारच्या वरच्या लाकडी पाटीला भोक पाडण्याची गरज नाही. घोडीच्या जरा मागे, पाटीच्या आतून एक आणि बाहेरून एक असे दोन छोटे चुंबक समोरासमोर बसवावेत, मध्ये दोन्ही बाजूंना फेल्टचा पातळ तुकडा ठेवावा, आणि स्प्रिंगचे पोलादी टोक चुंबकावर आडवे दाबून धरेल अशी लहानशी आकडी करावी. दुहेरी चिकटपट्टी मी टाळतो, कारण काढताना ती पॉलिश घेऊन येते. (हे छोटे शक्तिशाली चुंबक लहान मुलांच्या हाती कधीही लागू देऊ नयेत, एकाहून अधिक गिळले गेले तर आतड्यांना भोक पडू शकते.) दुसऱ्या टोकासाठी दोन पर्याय आहेत, आणि त्यांचे परिणाम वेगळे आहेत. इको माइकचा पडदा तसाच ठेवून त्याचे कडे एखाद्या कागदी नळकांड्याच्या तोंडाशी बसवले, तर घुमारा त्या नळकांड्यातून, म्हणजे वाद्यापासून किंचित वेगळ्या जागेतून ऐकू येतो. याउलट दुसरे टोक वाद्याच्या एखाद्या ताठ, जड भागाला, उदाहरणार्थ आतून दांडीच्या ठोकळ्याला, घट्ट बांधले, तर ठोका तिथून जवळपास पूर्ण परततो आणि गिटारची पाटीच तो घुमारा ऐकवते. दुसरा पर्याय मला अधिक आवडतो, कारण आवाज वाद्यातून आल्यासारखा वाटतो आणि वाजवताना बाहेर काही लटकत नाही.

डबा मात्र काढून टाका. पत्र्याचे बूड त्या स्प्रिंगच्या मानाने जड असते, त्यामुळे त्याला हलवायला पुरेशी शक्ती पोचत नाही, आणि जेवढी पोचते तेवढी डब्याच्या स्वतःच्या दोन-चार स्वरांवर खर्ची पडते. तुमच्या ‘प्यूं’ला येणारी पत्र्याची किनार त्याचीच आहे.

या जोडणीचा परिणाम सौम्य असतो, हे आधीच सांगतो. स्प्रिंग हलकी आणि गिटारची पाटी जड, त्यामुळे देवाणघेवाण थोडीच होते. सूर थांबवल्यावर मागे राहणारा घुमारा शांत खोलीत छान ऐकू येतो, चार जण एकत्र वाजवत असतील तर हरवतो. बँजोवर हाच प्रयोग कितीतरी ठळक होतो, कारण तिथे लाकडी पाटीऐवजी ताणलेला हलका पडदा असतो. उकुलेलेची पातळ पाटीही गिटारपेक्षा चांगला प्रतिसाद देते. व्हायोलिनच्या घोडीला मात्र स्प्रिंग थेट अडकवू नये. घोडीवर वजन चढले की व्हायोलिनचा आवाज दबतो, सरावाच्या वेळी आवाज कमी करण्यासाठी लावायचा म्यूट याच तत्त्वावर चालतो; त्यामुळे तुम्हाला घुमारा मिळण्याआधी मूळ आवाजच जाईल. सतारीसारख्या तरफांच्या, म्हणजे न छेडता आपोआप झणकारणाऱ्या तारांच्या, वाद्यांना याची गरज मला वाटत नाही. तिथे तरफा हे काम आधीच करतात, आणि तेही रागाच्या स्वरांत.

घुमारा किती हवा हे हातात ठेवायचे असेल, तर विजेची जोडणी करावी लागेल, आणि तीही खेळण्यांच्या भागांतून होते. बोलणाऱ्या खेळण्यातला 8 ओहमचा छोटा स्पीकर, आवाज करणाऱ्या खेळण्यांतल्या दोन पितळी पिझो चकत्या (थरथरीचे विजेच्या संकेतात रूपांतर करणाऱ्या), आणि एलएम 386 ही ॲम्प्लिफायरची चिप एवढे पुरते. एक चकती वाद्यावर बसवावी आणि तिचा संकेत चिपला द्यावा. चिपने स्पीकर चालवावा. स्पीकरच्या शंकूच्या मध्यावर चिकटवलेल्या हलक्या आकडीतून स्प्रिंगा सुरू व्हाव्यात आणि दुसऱ्या चकतीवर संपाव्यात. त्या चकतीचा संकेत मिक्सरमध्ये मूळ आवाजाशेजारी हवा तेवढा मिसळावा. मूळ आवाज स्प्रिंगमधून पाठवून तोच एकमेव आवाज म्हणून वापरू नये.

इथे एक बारकावा बहुतेक आराखड्यांत सुटतो. पिझो चकती विद्युतदृष्ट्या कपॅसिटरसारखी, म्हणजे विद्युतभार साठवणाऱ्या भागासारखी, वागते. 27 मिलिमीटरच्या चकतीची धारिता साधारण 20 नॅनोफॅरडच्या घरात असते. ती 10 किलोओहमच्या इनपुटला जोडली तर सुमारे 800 हर्ट्झच्या खालचे सगळे पडत जाते, आणि मग लोक चकतीला नावे ठेवतात. स्प्रिंगच्या शेवटच्या चकतीला निदान 1 मेगाओहमचे इनपुट हवे. तेवढे दिले की ही मर्यादा 8 हर्ट्झपर्यंत खाली जाते. वाद्यावरच्या चकतीचे मात्र उलट आहे. एलएम 386चे इनपुट 50 किलोओहमचे असल्यामुळे थेट जोडणीत सुमारे 160 हर्ट्झखालचा खर्ज आपोआप कमी होतो, आणि आपल्याला तेच हवे असते, कारण जोरकस खर्ज स्प्रिंगला गदागदा हलवतो आणि सगळा घुमारा चिखल करून टाकतो. एका टोकाला जो तोटा आहे तो दुसऱ्या टोकाला फुकटचा फिल्टर आहे.

स्पीकर आणि शेवटची चकती एकाच फळीवर घट्ट बसवू नयेत. फळीतून आवाज स्प्रिंगच्या आधीच चकतीला पोचतो आणि घुमाऱ्यात मूळ कोरडा आवाज मिसळतो. कारखान्याच्या टाक्यांत स्प्रिंगांची आतली चौकट बाहेरच्या पत्र्याच्या पेटीत चार छोट्या स्प्रिंगांवर टांगलेली असते. घरी चौकट रबरबँडांवर टांगली तरी चालते. एवढे करूनही घुमारा अति धातूसारखा वाटला, तर फोमचा करंगळीच्या नखाएवढा तुकडा एका टोकाजवळ स्प्रिंगला जेमतेम टेकवावा आणि तो टोकाकडून मध्याकडे सरकवत कानाने जागा ठरवावी. लॉरेन्स हॅमंड यांच्या ऑर्गनांतल्या सुरुवातीच्या रिव्हर्ब यंत्रणेत हेच शमन तेलात बुडवलेल्या स्प्रिंगांनी साधले जाई. तेलाचा तो उपद्व्याप लाकडी वाद्याच्या आसपास न केलेला बरा.

आधी विजेशिवायची जोडणी करून पाहा, तीही एकाच स्प्रिंगने. तारा हाताने दाबून ठेवून पाटीवर बोटाने हलकेच टकटक केलीत आणि ठोक्यामागे थेंब ठिबकल्यासारखा लहानसा नाद दोन-तीनदा परत आला, तर स्प्रिंग योग्य आहे. काहीच परत आले नाही, तर आधी आकडी चुंबकावर सैल आहे का ते तपासा. पुन्हा तोच लांब ‘प्यूं’ आला, तर वेटोळ्याचा व्यास मोजा. तो सेंटिमीटरच्या वर असेल, तर दुसरे खेळणे शोधावे.