प्रवेश सोडू नका

नमस्कार,

तुमचं पत्र मिळालं. तुमच्या मुलीला सरकारी कॉलेजात इलेक्ट्रिकलला जागा मिळाली आहे. ती सोडून तिने वर्षभर घरी तयारी करावी आणि परराज्यात न्यूक्लियर इंजिनिअरिंगला जावं, असं तुम्ही ठरवलंय. कारण एप्रिल २०२५ मध्ये महानिर्मिती या आपल्या राज्याच्या वीजनिर्मिती कंपनीने रशियाच्या रोसाटॉम या सरकारी अणुऊर्जा कंपनीशी थोरियम या इंधनावर चालणाऱ्या छोट्या अणुभट्टीसाठी सामंजस्य करार केला.

माझी नजर अडली ती पत्रातल्या वेगळ्याच ओळीवर. ‘दिवसभर वीजबिलं घेऊन एक्सेलमध्ये आकडेमोड करते, सोसायटीच्या सोलरचा हिशेब मांडते. असली कारकुनी बंद करायला सांगितलंय.’ अहो, बंद कशाला? अख्ख्या पत्रात तिच्या आवडीचं म्हणून एवढंच आहे. आणि ‘ती काही बोलत नाही, म्हणजे तयार आहे’ हे कुठून काढलंत? बापापुढे गप्प बसलेली मुलगी होकार देत नसते, बऱ्याचदा ती वाद टाळत असते.

आता तुमचा गैरसमज. सामंजस्य करार म्हणजे एकत्र काम करायची नुसती तयारी, प्रकल्प नव्हे. ही वीज परवडेल का, हा प्रश्न अजून सुटायचाय, आणि तो सोडवताना भलेभले अडकलेत. अमेरिकेत युटामधल्या गावोगावच्या वीजसंस्थांनी मिळून शेजारच्या आयडाहो राज्यात नूस्केल कंपनीच्या छोट्या अणुभट्ट्या उभारायचं ठरवलं होतं. २०२३ च्या जानेवारीत विजेचा अंदाजित दर मेगावॅट-तासाला (म्हणजे हजार युनिटला) ५८ डॉलरवरून ८९ वर गेला, तोही सरकारी सवलत धरून. पुरेशी गावं वीज घ्यायला पुढे आली नाहीत आणि नोव्हेंबरात प्रकल्प गुंडाळला. अणुविजेचं इंधन स्वस्त, पण बांधकाम प्रचंड महाग. काम रेंगाळलं की व्याज चढतं. अमेरिकेतल्याच जॉर्जिया राज्यातल्या व्हॉगल अणुवीज केंद्राच्या दोन नव्या मोठ्या भट्ट्यांचा अंदाज सुमारे १४ अब्ज डॉलरचा होता, खर्च ३० अब्जांच्या पुढे गेला. एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पाच्या महागड्या वीजदराने पोळलेल्या आपल्या राज्याला हे वेगळं सांगायला नको.

हा हिशेब करायला यंत्र कळणारी आणि दर कळणारी माणसं लागतात. तुमची मुलगी ज्याला तुम्ही कारकुनी म्हणता त्यातून तिकडेच निघालीय. इलेक्ट्रिकल करू द्या. पुढे ऊर्जा अर्थशास्त्राकडे वळायचं असेल तर गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था आहे, आयआयटी मुंबईत ऊर्जा विभाग आहे. आणि उद्या तिलाच अणुक्षेत्र हवंसं वाटलं, तर भाभा अणु संशोधन केंद्र आणि एनपीसीआयएल ही सरकारी अणुवीज कंपनी इलेक्ट्रिकलची मुलंही घेतात, त्यासाठी सहसा गेट ही इंजिनिअरिंगची परीक्षा आणि मुलाखत द्यावी लागते.

तोवर महावितरणची दरवाढीची याचिका आली की तिला ती वाचू द्या. राज्य वीज नियामक आयोग लोकांच्या हरकती मागवतो, जाहीर सुनावणी घेतो. तिने लेखी हरकत द्यावी. तिथे वय कुणी विचारत नाही.

प्रवेश निश्चितीची शेवटची तारीख तुम्ही लिहिलेली नाही. ती गेली नसेल तर उद्याच फी भरून या.