कंत्राटी नोकरी केली तर पुढे कायमची मिळायला अडचण येते का?
कंत्राटी असणं तेवढं आडवं येत नाही. तिथे हाताला काय काम मिळालं, ते पुढे विचारतात. चाकणला एकाच कंत्राटदाराकडे लागलेली आयटीआयची दोन मुलं घ्या. एक वर्षभर पेट्या भरतो. दुसरा सीएनसीवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या मशीनवर, टूल बदलतो, ऑफसेट (टूलच्या मापाची दुरुस्ती) देतो, मायक्रोमीटरने तयार झालेला भाग मोजतो. पगार सारखाच. पण पुढच्या मुलाखतीत एखाद्या भागाचं ड्रॉइंग समोर ठेवलं की पहिला गप्प होतो, आणि त्यात त्याचा काही दोष नसतो, याचंच वाईट वाटतं.

म्हणून रुजू होण्याआधी ‘काम कोणत्या मशीनवर?’ हे विचाराच. जमलं तर १९६१च्या अप्रेंटिस कायद्याखालची अप्रेंटिसशिप, म्हणजे कारखान्यात काम करत घ्यायचं प्रशिक्षण, आधी बघा. ती पुरी करून परीक्षा पास झालात की राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतं. कंत्राटदाराच्या अनुभवपत्रापेक्षा त्याला कितीतरी जास्त वजन आहे.